जादूगाराचे चिंचोके

गेल्या दिवाळीत तीर्थपुरीला आमच्या ओसरीवर डाव मांडला. पत्त्यांचा नव्हे, 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा. पुण्याहून आलेला भाचा जादूगार झाला, पुतणीने योद्धा घेतला, शेजारच्या मुलाने चोर आणि त्याच्या थोरल्या बहिणीने पुजारीण. मी सूत्रधार, पोरं त्याला डीएम म्हणतात. दरोडेखोरांनी बळकावलेला एक वाडा सोडवायचा, एवढीच गोष्ट. दीड तासात दिंडी दरवाजाचं कुलूप मंत्राने उघडलं, दोन पहारेकरी मंत्राने झोपले, आतली भिंत मंत्राने उडून ओलांडली गेली आणि चौकात जमलेल्या टोळीवर अग्निगोळा पडला. सगळे मंत्र भाच्याचे. पुतणीच्या तलवारीला तोवर एकदाच काम मिळालं, तेही अर्धमेल्या माणसावर. तिने फासा खाली ठेवला. "काका, मी आजीबरोबर करंज्यांना मुरड घालते. इथे सगळं तोच करतोय."

भाच्याची चूक नव्हती. हातात आलं ते त्याने वापरलं. चूक माझी होती, आणि एक नव्हे, चार-पाच होत्या. हा लेख सूत्रधाराच्या जागी बसणाऱ्यांसाठी आहे. मग ती जागा ओसरी असो, होस्टेलची खोली असो की गच्ची.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक जण एक पात्र घेतो, सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्र काय करतं ते खेळाडू बोलतो आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. पात्रांचे वर्ग असतात. त्यांतले मंत्र टाकणारे वर्ग आणि हत्यार चालवणारे वर्ग एकाच पंगतीला बसवायचे, ही या खेळाची पन्नास वर्षांची डोकेदुखी आहे. योद्ध्याची ताकद पायरी-पायरीने वाढते. जादूगाराची प्रत्येक पायरीवर नवी दारं उघडते. योद्धा दहाव्या पातळीलाही तलवारच मारतो, तोवर जादूगार उडू, अदृश्य होऊ आणि दुसऱ्याचं रूप घेऊ शकतो.

खेळ पहिल्यांदा छापून आला १९७४ मध्ये, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या नावाने. त्यातली मंत्रांची पद्धत गायगॅक्सने जॅक व्हान्सच्या १९५० च्या 'द डाइंग अर्थ' या कथासंग्रहावरून उचलली. सकाळी मंत्र डोक्यात भरायचा. एकदा उच्चारला की तो डोक्यातून पुसला जातो. सुरुवातीच्या जादूगाराकडे दिवसाला एकच मंत्र असे, अंगात जीव मांजरीएवढा, आणि दुसरी पातळी गाठायला योद्ध्याला २००० गुण लागत तिथे त्याला २५०० लागत. सौदा उघड होता: आधी सोस, मग राज्य कर. वर्षानुवर्षं दर आठवड्याला खेळणाऱ्या टोळक्यात हा सौदा चालला असेल. दिवाळीच्या सुट्टीतल्या चार बैठकांत तो चालत नाही. पहिल्या पातळीपासून सुरू केलं तर जादूगार कुजतो, पाचवीपासून केलं तर योद्धा. आम्ही पाचवीपासून सुरू केलं होतं.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने हा प्रश्न मुळातून उपटायचा प्रयत्न केला. सगळ्या वर्गांना एकाच साच्याच्या करामती दिल्या: काही हव्या तेव्हा, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. हिशोब चोख बसला. पण अनेकांना जादूगार आणि योद्धा एकाच गिरणीत दळल्यासारखे वाटले आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने पुन्हा वेगळेपण आणलं. मला चौथी आवृत्ती लोक म्हणतात तितकी वाईट वाटत नाही, तरी तिने मंत्राची चव घालवली हे खरं. पुढचे आकडे २०१४ च्या नियमांचे आहेत. २०२४ मध्ये सुधारित पुस्तकं आली. मुद्द्याचा हिशोब तोच राहिला.

आता तो हिशोबच मांडू. अंदाजाने बोललं की सूत्रधार आणि खेळाडू दोघंही आपापल्या बाजूने ओढतात.

पाचव्या पातळीचा योद्धा घ्या. आपल्या पाळीला तो दोन वार करतो. लांब तलवारीला आठ बाजूंचा फासा, वर ताकदीचे ४. म्हणजे लागलेला वार सरासरी साडेआठाचा. वीसपैकी तेरा वेळा वार लागतो असं धरलं तर एका पाळीची सरासरी ११. शिवाय दर छोट्या विश्रांतीमागे एकदा त्याला जादा कृती मिळते, तिचे आणखी ११. आता त्याच पातळीचा जादूगार. मंत्रांच्या पातळ्या पात्राच्या पातळीहून वेगळ्या मोजतात. त्याच्याकडे तिसऱ्या पातळीचे दोन मंत्र, म्हणजे दोन अग्निगोळे. अग्निगोळ्याला सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. तीन शत्रू त्यात सापडले आणि निम्म्या वेळा ते अर्ध्यावर निभावले, तर एका गोळ्याचे ६३. उरलेल्या पाळ्यांत तो फुकटची छोटी ठिणगी टाकतो, तिची सरासरी ७.

दिवसात एकच लढाई झाली आणि ती चार पाळ्या चालली, तर योद्ध्याचे ५५ आणि जादूगाराचे १४०. दिवसात सहा लढाया झाल्या आणि मध्ये दोन छोट्या विश्रांती मिळाल्या, तर योद्ध्याचे २९७ आणि जादूगाराचे २८०. जादूगाराला दिवसातून एकदा थोडे मंत्र परत मिळवता येतात आणि त्याचे खालच्या पातळीचे सात मंत्र मी मोजलेलेच नाहीत. ते धरले तर त्याचं पारडं थोडं जड होईल. पण १४० विरुद्ध ५५ ही दरी मिटते. तीच दोन पात्रं आणि तेच नियम. बदललं ते दिवसाचं माप. नियमकर्त्यांनीही सूत्रधाराच्या पुस्तकात दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी आणि दोन छोट्या विश्रांती गृहीत धरल्या आहेत. बहुतेक घरी चकमक एकच होते, कारण जेवायला हाक येते.

मी त्या दिवशी काय केलं? वाड्याच्या चौकात पहिला गोळा फोडून भाचा म्हणाला, "मामा, आता आम्ही रात्रभर झोपतो, मंत्र भरून घेतो." मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे पुन्हा सगळे मंत्र होते, आणि दरोडेखोर मात्र आपली अर्धी माणसं जळाल्यावरही शहाण्यासारखे आमची वाट पाहत बसले होते!

तेव्हा पहिला सल्ला: झोपेला किंमत लावा. नियमानेच मोठी विश्रांती आठ तासांची आणि चोवीस तासांत एकदाच. त्या आठ तासांत जग थांबत नाही, एवढं दाखवलं तरी पुष्कळ होतं. टोळी ओलीस घेऊन पळते, जखमी सरदार दुसरीकडून कुमक आणतो. आमच्या भागातल्या मुलांना एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही: पैठणला जायकवाडीची दारं उघडली की खाली गोदाकाठी धावपळ होते. मग कथेतही वर एक धरण ठेवा, २७ दारांचं. उद्या दुपारी दारं उघडणार. त्याआधी नदीतल्या बेटावरची माणसं बाहेर काढायची आहेत. आता जादूगाराला झोप घे म्हटलं तरी तो घेणार नाही. कुणी त्याच्या अंगातली ताकद काढलेली नसते. ती जपून वापरायची वेळ आलेली असते.

आणि कथा प्रवासाची असेल, दिवसाला जेमतेम एक संकट येणारी असेल, तर उलट करा. सूत्रधाराच्या पुस्तकात एक पर्यायी नियम आहे: रात्रीची झोप ही छोटी विश्रांती आणि पूर्ण सात दिवसांचा आराम ही मोठी. पैठणहून पंढरपूरला निघालेल्या एकनाथांच्या पालखीबरोबर पात्रं चालली आहेत अशी कथा करा. मुक्कामाची रात्र छोटी, पंढरपूरला टेकल्यावरचा आठवडा मोठा. जादूगाराचे नऊ मंत्र साऱ्या वाटेला पुरवायचे आहेत म्हटल्यावर ओढ्याकाठच्या चार लांडग्यांवर कोण गोळा टाकेल? तिथे तलवारच काढावी लागते. ही युक्ती मी एका उन्हाळ्यात वापरली आणि एकही नियम मोडावा लागला नाही.

मंत्र मोजायची सोयही घरची असावी. कागदावर खोडाखोड करण्यापेक्षा आमच्याकडे जादूगारासमोर पहिल्या पातळीचे चार चिंचोके, दुसरीच्या तीन कवड्या आणि तिसरीच्या दोन गोट्या ठेवतो. मंत्र टाकला की जिन्नस मधल्या वाटीत. भाच्याची मूठ कशी रिकामी होत चालली ते सगळ्यांना दिसतं. शेवटचा चिंचोका उरला की तो स्वतःच पुतणीला म्हणतो, "तू जा पुढं, मी मागून आहे." हे मला दहा वेळा सांगूनही जमलं नव्हतं. वीस बाजूंचा फासा मात्र विकत आणावा लागतो. तो मिळेपर्यंत डब्यात १ ते २० च्या चिठ्ठ्या टाका. अग्निगोळ्याला लुडोचे फासे पुरतात.

आता मूळ लिखित नियमांकडे. समतोलाच्या अर्ध्या तक्रारी नियम नीट न वाचल्याने निघतात, आणि हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. वाड्याच्या कुलपाचंच घ्या. कुलूप उघडायच्या त्या मंत्राने ठोठावल्याचा असा आवाज होतो की तो ३०० फुटांवर, म्हणजे साधारण ९० मीटरवर ऐकू जातो. हे मी वाचलंच नव्हतं. वाचलं असतं तर दार उघडताच सारा वाडा जागा झाला असता, आणि आवाज न करता तारेने कुलूप काढणाऱ्या शेजारच्या पोराला किंमत आली असती. ही मला या खेळातली सर्वांत सुंदर तडजोड वाटते. मंत्र हमखास उघडतो पण बोंब मारतो. चोर चुकू शकतो पण गप्प राहतो. कुणाची कला कुणी खाल्ली नाही.

दुसरा विसरलेला नियम एकाग्रतेचा. उडणं, अदृश्य राहणं, शत्रूला जखडून ठेवणं असे टिकणारे बहुतेक मंत्र जादूगाराला मनाने धरून ठेवावे लागतात, आणि एका वेळी एकच धरता येतो. अंगावर वार बसला की फासा टाकून दहा किंवा झालेल्या इजेच्या निम्मे, यांतला जो आकडा मोठा तो गाठायचा. चुकला की मंत्र सुटला. भाचा उडत होता, त्याच वेळी त्याने दुसरा टिकणारा मंत्रही धरला होता आणि कुणीही त्याला बाण मारला नाही. आता एकाग्रतेचा मंत्र चालू झाला की मी त्याच्या पुढ्यात एक सुपारी ठेवतो. दुसरा मंत्र धरायला गेला की सुपारी आडवी येते. दरोडेखोरांत दोन तिरंदाज असले की पुतणीचं काम आपोआप ठरतं: ती भाच्याच्या आणि बाणांच्या मध्ये उभी राहते. त्या क्षणी सगळ्यांत महत्त्वाचं पात्र तीच असते, आणि तिने एकही नवा आकडा मिळवलेला नसतो.

तिसरं, मंत्रांची वही आणि डोक्यातले मंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत वीस मंत्र असतील. सकाळी त्यांतले नऊच डोक्यात भरता येतात. आमच्या जादूगाराने सगळी वही उघडी ठेवली होती आणि प्रसंग पाहून मंत्र निवडत होता. सकाळी निवड लिहून घ्या. कुलपाचा मंत्र घ्यायचा की अदृश्य होण्याचा, यावर त्याला डोकं खाजवू द्या. चुकीची निवड झाली की गोष्ट रंगते.

मंत्राचे परिणामही पूर्ण वाचावेत. अग्निगोळा वीस फूट त्रिज्येचा, कोपऱ्याआड पसरणारा, आणि कुणाच्या अंगावर किंवा हातात नसलेली पेट घेणारी प्रत्येक वस्तू पेटवणारा. तो उसाच्या फडात टाकला तर काय होईल हे आमच्याकडच्या पोरांना विचारून बघा! खळ्यावर कडब्याची गंजी आहे, जिनिंगच्या आवारात कापसाचा ढीग आहे, ओलीस माणसं त्याच पडवीत आहेत, आणि शत्रू एकगठ्ठा उभे न राहता चार दिशांनी येत आहेत. गोळा अजून तोच आहे. फक्त तो टाकण्याआधी खेळाडू थांबतो.

पाण्याचं उदाहरण मराठवाड्याबाहेरच्या सूत्रधारांना सुचणार नाही, म्हणून सांगतो. दुष्काळावर गोष्ट करायची माझी फार इच्छा होती. २०१२-१३ चा जालन्यातला उन्हाळा ज्यांनी पाहिला त्यांना तिचं वातावरण उभं करून द्यावं लागत नाही. पण पुजारिणीकडे पहिल्या पातळीचा पाणी निर्माण करणारा मंत्र असतो, आणि निसर्गपूजक वर्गाकडे बोरांसारखी दहा फळं उगवणारा, त्यांतलं एक फळ माणसाला दिवसभर पुरतं. दोन मंत्रांत दुष्काळ संपला, गोष्ट बुडाली. पहिल्यांदा मी हे मंत्र बंदच केले. पुजारीण रुसली, आणि तिचं बरोबर होतं. मग हिशोब केला. पाण्याचा मंत्र एका वेळी १० गॅलन देतो, म्हणजे सुमारे ३८ लिटर, अडीच-तीन हंडे. तिच्याकडे पहिल्या पातळीचे चार मंत्र. सगळे पाण्यावर घातले तरी १५० लिटरच्या आसपास. पात्रांची तहान भागते; गावाची नाही. मग मी गावच समोर ठेवलं: रांगेत लावलेले हंडे, कोरडी विहीर, दावणीची जनावरं. आता पुजारिणीला रोज ठरवावं लागलं, पाणी कुणाला द्यायचं आणि रात्री कुणी जखमी झालं तर त्याला बरं करायला मंत्र उरेल का. त्या दोन बैठका आमच्या सगळ्या खेळांत चांगल्या झाल्या. मंत्र मोठा वाटला तर तो कापण्याआधी संकटाचं माप बघा. बऱ्याचदा संकटच लहान असतं.

बंदीवरून आठवलं. करंज्यांच्या त्या संध्याकाळनंतर पुढच्या बैठकीत मी घाबरून जादू चालतच नाही असा एक भुयारी भाग घातला. भाचा तीन तास भिंतीला टेकून बसला. पुतणीची भूमिका त्याला दिली, एवढंच झालं. जादूबंदीचा प्रदेश, मंत्र न लागणारे राक्षस, दर शत्रूकडे मंत्रभंग, ही औषधं चिमूटभर वापरायची आहेत. वर्षात एकदा. रोजच्या भाजीत घालू नका.

आपल्याकडच्या कथांनी हा प्रश्न फार आधी सोडवलेला आहे, आणि मला नेहमी आश्चर्य वाटतं की आपले खेळाडू ते सोडून एल्फ आणि ड्रॅगनच का शोधतात. कर्णाची वासवी शक्ती घ्या. कवचकुंडलं देऊन इंद्राकडून मिळवलेली, अमोघ, पण एकदाच वापरता येणारी. ती कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवली. युद्धाच्या चौदाव्या दिवशी रात्रीही लढाई चालू राहिली, घटोत्कचाने कौरवसेना उधळली आणि कर्णाला ती शक्ती त्याच्यावर टाकावी लागली. मग ती इंद्राकडे परत गेली. सूत्रधाराने शिकावं असं सगळं यात आहे. मंत्र कमजोर केला नाही, त्याची शक्ती एकदाच ठेवली. घेताना अंगावरचं काहीतरी सोलून द्यावं लागलं. आणि वापरायची वेळ शत्रूने ठरवली. खेळाडूने महत्त्वाचा मंत्र शेवटच्या राजासाठी राखला असेल तर मधल्या रात्री त्याच्यासमोर एक घटोत्कच उभा करा. तो वापरायचा की नाही हे त्यालाच ठरवू द्या.

कचाची गोष्ट त्याहून नाजूक. संजीवनी विद्या शिकून तो देवांकडे निघाला तेव्हा देवयानीने शाप दिला की ही विद्या तुला फळणार नाही. पण तो ज्याला शिकवेल त्याला फळेल. असा मंत्र एखाद्या पात्राला देऊन पाहा: स्वतःला वापरता येत नाही, दुसऱ्याच्या हातात द्यावाच लागतो. जादूगार आणि योद्धा एकमेकांचे किती गरजवंत होतात ते दिसेल.

आणि 'नवनाथ भक्तिसार'. चाळीस अध्यायांची ही पोथी आमच्या भागात घरोघरी पारायणाला असते, आणि तिच्याइतकं मंत्रयुद्ध मराठीत दुसरीकडे नाही. तिथे भस्माच्या चिमटीवर मंत्र पुटपुटून ती फेकली की काम होतं, एका अस्त्राला समोरून दुसरं अस्त्र येतं. पण मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमले तेव्हा त्यांची सगळी विद्या त्यांना बाहेर काढू शकली नाही. गोरक्षनाथाला तिथे जाऊन मृदंग वाजवावा लागला. मंत्राने न सुटणारी गाठ म्हणजे जादूबंदी नव्हे. ती अशी असते. पोथी श्रद्धेची आहे, तिच्यातली नावं पात्रांना देऊन घरच्यांना दुखवू नका. घडण तेवढी घ्या.

आता योद्ध्याकडे. आपण जादूगाराचं एवढं बोलतो की दुसरं पारडं भरायचं राहूनच जातं. योद्ध्याला फक्त भारी तलवार देऊ नका. ती दिली तरी तो तलवारच मारत राहतो. जुन्या नियमांत नवव्या पातळीचा योद्धा किल्ला बांधून बसे, त्याच्या पदरी माणसं येत. नव्या नियमांत हे मागे पडलं. मी ते परत आणलं. वाडा सुटल्यावर गावाने पुतणीच्या योद्ध्याला ओसाड गढी दिली आणि सोबत आठ हत्यारबंद माणसं. आता बोलणी करायला लोक तिच्याकडे येतात, जादूगाराकडे नाही; त्याला तर गावातली म्हातारी माणसं बघून रस्ता बदलतात. तो एका वेळी एका ठिकाणीच असतो, तिची माणसं चार वाटांवर असतात. चोराला मी बाजारातली ओळखपाळख दिली: कुठला सावकार कुणाला दाबतो हे त्यालाच ठाऊक. अशा गोष्टींना पातळी लागत नाही, फासाही लागत नाही. ताकद न वाढवता पात्राचं वजन वाढतं.

सगळ्यांनाच जादूगार व्हायचं असेल तर? होऊ द्या. १९८७ मध्ये जॉनथन ट्वीट आणि मार्क रीन-हागेन यांनी केलेला 'आर्स मॅजिका' नावाचा खेळ हेच मान्य करून सुरू होतो: जादूगार सगळ्यांपेक्षा ताकदवान आहेत, वाद मिटला. फक्त प्रत्येक खेळाडूकडे एक जादूगार आणि एक साधं पात्र असतं, आणि प्रत्येक मोहिमेला सगळे जादूगार जात नाहीत. बाकीचे आपलं दुसरं पात्र घेऊन निघतात. घरातल्या तीन जादूगारांच्या भांडणावर यासारखा उतारा मी पाहिला नाही.

नियमांसाठी पैसे घालायची गरज नाही हेही सांगून ठेवतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये प्रकाशक कंपनीने मुक्त परवान्याखाली खुले केले. त्यांचं मराठी करून वाटलं, बदललं, छापलं तरी मूळ श्रेय नोंदवलं की चालतं. मी वर्गांची आणि पहिल्या तीन पातळ्यांच्या मंत्रांची मराठी पानं करायला घेतली आहेत. मराठीत वाचताना पोरं नियम जास्त भांडून वाचतात. कुलपाच्या आवाजाचा नियम मला शेवटी त्या चोरानेच दाखवला.

प्रत्येक बैठक उठताना एकच काम करा. पाटावरचे फासे गोळा करण्याआधी सगळ्यांना विचारा, आज कुणामुळे निभावलं? दोन बैठका लागोपाठ सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं, तर पुढच्या वेळचा प्रसंग दुसऱ्यासाठी लिहा. आकड्यांत हात घालायची वेळ त्यानंतर येते, आणि माझ्या अनुभवात ती क्वचित आली.

यंदा पुतणीने पुन्हा योद्धाच घेतला आहे. गढीच्या डागडुजीचा खर्च तिने वहीत लिहून आणलाय: चुना, सागवान, गवंड्यांची मजुरी. खाली एक प्रश्न आहे: गावातले लोक घरांच्या धाब्यावर टाकायला गढीची पांढरी माती उकरून नेतात, त्यांना अडवायचं की नेऊ द्यायचं? भाच्याला विचारलं तर तो वही चाळतो आहे, त्याला मंत्र सापडलेला नाही.